निधी पुरेल तेथवर



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी गौरवाचे चार शब्द बोलून मग विषयाकडे वळावे अशी रीत आहे. परंतु त्यांनी आयुष्यभर जे काम केले, म्हणजे संध्याकाळी ठरल्या वेळी वाचनालयाचे दार उघडणे, आलेल्या मुलामुलींना बसवून घेणे, कोणी काय वाचावे ते न दाखवता सुचवणे आणि रात्री दिवे मालवून दार लावणे, त्या कामाला आज सार्वजनिक पैसा का मिळेनासा झाला आहे याचा विचार करणे हाच त्यांचा यथोचित गौरव होईल, अशी माझी समजूत असल्यामुळे मी तोच विषय निवडला आहे.

विषयाची मर्यादा प्रथमच सांगतो. शाळेचे बाक सुटल्यापासून संसाराचे जू मानेवर येईपर्यंत, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत म्हणा, माणसाच्या आयुष्यात जो काळ येतो, त्या काळात घराबाहेर निर्वेधपणे जाऊन बसता येईल अशी एक जागा आणि त्या जागी आपल्याकडे लक्ष देणारे एखादे वडीलधारे माणूस त्याला लाभावे, आणि हे पुरवण्याची जबाबदारी गावाने, नगरपालिकेने व सरकारने मिळून उचलावी, हा विचार आपल्या प्रांताला नवा नाही. गावची तालीम, वाचनालय व त्याला जोडलेली अभ्यासिका, खेळाचे मैदान, कामगार वस्तीतील कल्याण केंद्र, ही सारी त्या एकाच विचाराची रूपे होत. त्यांचा पैसा आटत चालला आहे ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि ती खरी आहे. तिच्या मुळाशी असलेले जे कारण मला दिसते ते असे की, या संस्थांना द्यावयाचा पैसा आपल्या कायद्यांनी 'देणे' म्हणून कधी लिहून ठेवलाच नाही. इतर सर्व देणी भागल्यावर काही उरले तर द्यावयाची रक्कम, एवढेच स्थान त्याला दिले. आणि जी रक्कम या स्थानी असते ती अडचणीच्या पहिल्याच वर्षी नाहीशी होते.

हे माझे अनुमान नव्हे, कायद्याचीच अक्षरे आहेत. 1958 सालच्या ग्रामपंचायत अधिनियमाला जी पहिली अनुसूची जोडलेली आहे, तीत ग्रामपंचायतीच्या कामांची लांबलचक यादी असून, विहिरी, गटारे, दिवाबत्ती, स्मशाने यांच्या बरोबरीने वाचनालये, आखाडे आणि खेळ व करमणुकीची स्थाने यांचाही तीत समावेश आहे. ज्यांनी ती यादी केली त्यांच्या मनात गावाचे एक भरीव चित्र होते याविषयी शंका नाही. परंतु या कामांचे कर्तव्य ज्या पंचेचाळिसाव्या कलमाने पंचायतीवर सोपवले आहे, त्या कलमातच, पंचायतीच्या हाती असलेला ग्रामनिधी पुरेल तेथवर, अशी मर्यादा घातलेली आहे. विहीर आटली तर गाव पंचायतीच्या दारात येते, दिवे गेले तर येते. वाचनालय बंद पडले तर त्याचे दार ठोठावून परत गेलेला सोळा वर्षांचा मुलगा पंचायतीच्या दारात येत नाही, आणि त्याला मत नाही. निधी कोठवर पुरतो हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर दडपण आणणारे जे जे आहेत, त्यांत हा मुलगा सर्वांत शेवटी उभा असतो.

आपल्याच इतिहासात याहून शहाणी व्यवस्था एकदा होऊन गेली आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि लगोलग त्यांच्या ध्यानात आले की शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर ती सक्ती फुकट जाणार आहे. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. तेथून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालास 1910 साली त्यांनी पाचारण केले आणि तीन वर्षांत सबंध राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास प्रारंभ केला. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरवणारी फिरती ग्रंथालये ही त्या योजनेची शोभा होती. तिचा कणा मात्र हिशेबाचा होता. गावकऱ्यांनी एक हिस्सा वर्गणीने उभा केला की प्रांतपंचायतीने दुसरा आणि दरबाराने तिसरा द्यावयाचा, असा तो नियम. यात दरबारचे औदार्य होते हे तर खरेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही की, गावाने आपला वाटा उचलला की उरलेल्या दोन वाट्यांवर त्याचा दावा उत्पन्न होत असे. कोणा अधिकाऱ्याची मर्जी संपादन करण्याचे प्रयोजन उरत नसे.

ब्रिटिश मुलखात आणि पुढे स्वतंत्र राज्यात हा धागा टिकला नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली आणि मुंबईचे 1898 साली निघाले. या संस्थांचा उगम सरकारी तिजोरीत नसून नागरिकांच्या वर्गणीत आहे. मुंबई प्रांताच्या पहिल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाने 1939 साली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविषयक समिती नेमली, तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंतची उतरंड आखून दिली. करवीर संस्थानाने 1945 साली ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर सात वर्षांनी, 1967 साली, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला. त्या कायद्याचे ऋण मी मानतो, कारण आज राज्यात बारा हजारांच्या आसपास जी शासनमान्य ग्रंथालये आहेत त्यांतील बहुसंख्य खेड्यांत आहेत आणि त्या कायद्यावाचून ती निघाली नसती. परंतु मद्रास प्रांताने 1948 सालीच, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रेरणेने, मालमत्ताकरावर ग्रंथालयाचा उपकर बसवून ग्रंथालयांना स्वतःचे उत्पन्न दिले असता, आपल्या कायद्याने तो मार्ग सोडून दिला. राज्य सरकारने ग्रंथालय निधीत दरसाल निदान 25 लाख रुपये भरावे, एवढी हमी आपल्या कायद्यात आली. प्रत्यक्ष तरतूद याहून पुष्कळ अधिक होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ती अर्थसंकल्पाच्या सालोसालच्या मंजुरीवर अवलंबून आहे, आणि कायद्याच्या जोरावर मागता येईल अशी रक्कम बारा हजार ग्रंथालयांवर वाटली तर दर ग्रंथालयास वर्षाकाठी दोनशे रुपयांच्या आसपास पडते.

सालोसालच्या मंजुरीने काय होते ते एका आकड्यावरून स्पष्ट होईल. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते. ड वर्गाचे ग्रंथालय म्हणजे बहुधा लहान खेड्यातले, एका खोलीचे, एका सेवकाचे. त्यास 2012 च्या दराने वर्षाला 30,000 रुपये मिळत, त्यांतील अर्धी रक्कम वेतनाची. म्हणजे जो माणूस रोज दार उघडतो, झाडलोट करतो, वर्तमानपत्रे लावतो, पुस्तकांची नोंद ठेवतो आणि गावातल्या पोरांना नावानिशी ओळखतो, त्याला दरमहा 1,250 रुपये. हा दर दहा वर्षे जेथल्या तेथे राहिला. 2022 साली 60 टक्के वाढ झाली, तेव्हा तिचे स्वागत झाले आणि ते साहजिकही होते. तथापि त्या दहा वर्षांत महागाई त्याहून अधिक वाढली होती, त्यामुळे वाढीनंतरही तो सेवक 2012 साली होता त्याच्या मागेच राहिला. अनुदान बंद करण्याचा ठराव या काळात कोणी मांडला नाही. तसा ठराव आला असता तर वाद झाला असता, वर्तमानपत्रांत लिहून आले असते, विधानसभेत कोणीतरी उठून बोलले असते. नुसता आकडा हलवला नाही, की कपात आपोआप होते आणि तिच्यावर कोणाचीही सही लागत नाही.

सरकारजवळ पैसा नाही, हे उत्तर येथे नेहमी मिळते. ते मला पटत नाही, कारण त्याच काळात त्याच गावांत सार्वजनिक पैशाने इमारती उभ्या राहिलेल्या मी पाहतो. 1993 साली सुरू झालेला खासदारांचा स्थानिक विकास निधी 2011 पासून दर खासदारामागे वर्षाला 5 कोटी रुपये आहे; आमदारांचा निधी आहे तो निराळा. त्यांतून सभामंडप होतात, व्यायामशाळेची खोली होते, उद्यानाच्या कडेला लोखंडी व्यायामसाधने बसतात, अभ्यासिकेचा मजला चढतो. परंतु या निधीतून टिकाऊ मालमत्ता निर्माण करावी, आवर्ती खर्च करू नये, असा नियम आहे. पगार हा आवर्ती खर्च होय. परिणामी भिंतीस पैसा मिळतो, कोनशिलेस मिळतो, आणि त्या भिंतींच्या आत बसणाऱ्या माणसास मिळत नाही. अशी कुलूपबंद व्यायामशाळा ज्या तालुक्यात नाही असा तालुका दाखवणे कठीण आहे. तरुणांसाठी करावयाच्या कामात इमारत हा गौण भाग आहे. एखादा मुलगा चार दिवस आला नाही तर तो का आला नाही याची चौकशी करणारे माणूस हा मुख्य भाग आहे, आणि आपल्या हिशेबाच्या पद्धतीत नेमका त्यालाच रकाना नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असती तर आपल्या दारिद्र्यावर किंवा आपल्या दप्तरदिरंगाईवर बोट ठेवून मोकळे होता आले असते. म्हणून इंग्लंडची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले नव्हते, रात्री दिवे लावण्याची बंदी होती, अशा 1939 च्या नोव्हेंबरात तेथील शिक्षण खात्याने 1486 क्रमांकाचे परिपत्रक काढून शाळा सोडलेल्या मुलामुलींची सेवा हे स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांचे काम आहे असे जाहीर केले. पुढे सक्तीची लष्करी सेवा बंद होण्याच्या सुमारास लेडी ॲल्बमार्ल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1960 साली अहवाल दिला, आणि त्याला अनुसरून यूथ क्लबांसाठी इमारती बांधल्या गेल्या, इतकेच नव्हे तर त्या चालवणाऱ्या युवक कार्यकर्त्यांना शिक्षण देण्यासाठी लेस्टर येथे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. माणूस आधी तयार केला पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. या सेवेने तेथे अर्धे शतक काम केले.

मग 2010 नंतर काटकसरीचे धोरण आले. केंद्र सरकारने नगरपरिषदांना द्यावयाची रक्कम घटवली. या नगरपरिषदांवर वृद्धांची शुश्रूषा, अनाथ व संकटग्रस्त बालकांचे रक्षण, अशी काही कामे कायद्याने अशी बांधलेली आहेत की ती टाळली तर न्यायालयात उत्तर द्यावे लागते. युवकसेवेचेही कर्तव्य कायद्यात होते. 2006 च्या दुरुस्तीने ते लिहिले गेले होते. परंतु व्यवहारतः शक्य असेल तेथवर, अशी सवलत त्याला जोडलेली होती. आपल्या पंचेचाळिसाव्या कलमाचे जणू ते भावंडच. व्हायचे तेच झाले. इंग्लंड-वेल्समधील वायएमसीए या संस्थेने केलेल्या गणनेप्रमाणे 2010-11 साली युवकसेवेवर स्थानिक संस्थांचा जो खर्च सुमारे 140 कोटी पौंड होता, तो दहा वर्षांनी 40 कोटींच्या खाली आला; महागाई हिशेबात घेतली तर ही घट 74 टक्के होते. शेकडो क्लब बंद झाले. यांतील काही वर्षे केंद्र सरकार तरुणांवर खर्च करीत होते, नाही असे नाही. परंतु तो खर्च बव्हंशी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी काही आठवडे चालणाऱ्या एका राष्ट्रीय उपक्रमावर होत होता, आणि अखेर तो उपक्रमही गुंडाळण्यात आला. काही आठवड्यांचे शिबिर हे बाराही महिने उघड्या असलेल्या दाराची जागा घेऊ शकत नाही, हे आपल्याकडील युवा महोत्सवांच्या आयोजकांनीही ध्यानात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इंग्लंडने एक काम मात्र असे केले की त्याबद्दल आपण त्या देशाचे आभारी राहिले पाहिजे. तेथील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने 2024 साली, लंडनमधील 2010 ते 2019 या काळात बंद झालेल्या क्लबांचा, म्हणजे एकूण क्लबांच्या सुमारे 30 टक्क्यांचा, परिणाम मोजून पाहिला. ज्या वस्त्यांतील क्लब बंद झाले तेथील किशोरवयीन मुले गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण 14 टक्क्यांनी वाढले, शालान्त परीक्षांतील यश खालावले, आणि वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाचे जवळजवळ तीन पौंडांचे नुकसान झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खर्च वाचला तो नगरपरिषदेच्या खतावणीत. नुकसान नोंदले गेले पोलिसांच्या, न्यायालयाच्या आणि तुरुंगाच्या वहीत. दोन वह्या एकत्र ठेवून पाहणारा कोणी नसतो, म्हणून अशी बचत हिशेबतपासनिसाला शोभून दिसते.

आपल्याकडे हे नुकसान निराळ्या वाटेने होते. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो मुलगा पुण्याच्या सदाशिव पेठेत खासगी अभ्यासिकेतील एक खुर्ची मासिक भाड्याने घेऊन राज्यसेवेची तयारी करतो. ज्याच्या बापाजवळ नाही तो गावातच राहतो, आणि गावच्या वाचनालयात संदर्भाची नवी पुस्तके नाहीत व रात्री ते उघडे नाही. जी वस्तू सार्वजनिक असताना दोघांचीही होती, ती विकत मिळू लागल्यावर एकाचीच राहिली. मुलींविषयी तर मला विशेषच बोलले पाहिजे. मुलगा पारावर बसतो, चहाच्या टपरीवर बसतो, नदीकाठी जातो. तालीमही परंपरेने त्याचीच. खेडेगावातील अठरा वर्षांच्या मुलीला, देवळाखेरीज आणि कोणाच्या लग्नकार्याखेरीज, घरच्यांच्या कपाळास आठी न पडता दोन तास घालवता येतील असे एकच ठिकाण असते, आणि ते म्हणजे वाचनालय. ते बंद झाले तर तिच्यापुरते गावच बंद होते. आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, मग वाचनालय हवे कशाला, असे जे विचारतात त्यांनी या मुलीला विचारून पाहावे. पुस्तकातला मजकूर तिला फोनवर कदाचित मिळेल, परंतु टेबल, दिवा, शांतता आणि बरोबरीच्या चार मैत्रिणी तिला फोन देणार नाही.

मग करावे काय? आपल्याच राज्यात एक उदाहरण आहे की ज्याकडे या दृष्टीने पाहिले जात नाही. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी स्थापन झाला. कामगाराच्या वेतनातून काही अंश, मालकाकडून त्याहून मोठा अंश आणि सरकारचा हिस्सा असा तो निधी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सहामाहींना, कायद्याच्या बळावर जमा होतो. आणि त्यावर कल्याण केंद्रे, वाचनालये, व्यायामशाळा, शिवणवर्ग आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा आजवर चालत आल्या आहेत. त्या केंद्रांची आजची प्रकृती ठणठणीत आहे असे मी म्हणणार नाही. परंतु गिरण्यांचे भोंगे थांबले तरी ती केंद्रे थांबली नाहीत, याचे श्रेय त्या सहामाही जमेस आहे.

असाच कायद्याने बांधलेला पैसा वाचनालयांना देण्याचा मार्ग म्हणजे मद्रासने घेतलेला ग्रंथालय उपकराचा मार्ग. त्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. उपकर बसवला तरी तो ग्रंथालयापर्यंत पोचतोच असे नाही. बेंगळुरूच्या महानगरपालिकेने मालमत्ताकराबरोबर गोळा केलेला ग्रंथालय उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरला नाही आणि त्याची मोठी थकबाकी साचली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मी हा दोष मान्य करतो. परंतु थकबाकी ही थकबाकी असते. तिचा आकडा असतो, ती मागता येते, तिच्यासाठी न्यायालयात जाता येते, विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. आपल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला 2012 ते 2022 या काळात जे मिळाले नाही त्याची थकबाकी कोणत्याही दप्तरात नाही, कारण ते सरकारचे कधी देणेच नव्हते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, 1967 च्या अधिनियमात दुरुस्ती करून 25 लाखांच्या जागी दर ग्रंथालयामागे ठरावीक रक्कम लिहावी आणि ती महागाईच्या निर्देशांकाशी बांधून टाकावी, म्हणजे ती वाढवण्यासाठी दर दहा वर्षांनी मोर्चा काढावा लागणार नाही. आणि त्या रकमेतील सेवकाचे वेतन राज्यातील किमान वेतनाहून कमी असू नये. दुसरी, घरपट्टीवर अल्पसा उपकर बसवून त्याचे उत्पन्न त्याच गावातील किंवा त्याच प्रभागातील वाचनालय, तालीम, मैदान आणि युवक केंद्र यांच्या आवर्ती खर्चासाठी राखून ठेवावे, इमारतीसाठी त्यातला एक पैसाही वापरू नये, आणि गावाने जितका उपकर भरला तितकीच रक्कम सरकारने घालावी. बडोद्याच्या तीन हिश्श्यांची ही आजची आवृत्ती आहे. घरपट्टी वाढली की लोक नाराज होतील, असे मला सांगण्यात येईल. काही होतीलही. परंतु मुलाच्या शिकवणीसाठी आणि अभ्यासिकेसाठी हेच लोक आज त्याच्या कितीतरी पट पैसा खासगी हातांत मोजत आहेत, आणि ज्यांना तो मोजता येत नाही त्यांची मुले याच गावात आहेत. ग्रामसभेपुढे अंदाजपत्रक येते तेव्हा वाचनालयाच्या नावापुढे किती रक्कम लिहिली आहे आणि तीतून पगार किती निघतो, हा प्रश्न या सभागृहातील प्रत्येकाने आपापल्या गावी यंदाच विचारावा. कायद्याची दुरुस्ती व्हायची तेव्हा होईल, हा प्रश्न विचारण्यास मात्र आजही कोणत्या दुरुस्तीची गरज नाही.